आत असलेल्या माणसाला पैसे पाठवायचं ॲप: ६३ नोंदींच्या वहीवरून

पाचपैकी दोन तारे. का, ते सविस्तर लिहिते.

माझा धाकटा भाऊ चार वर्षं दोन महिने तुरुंगात होता. आता सुटून आलाय, कामाला लागलाय. म्हणून कुठला तुरुंग, कुठलं ॲप, हे लिहिणार नाही. जी ओळख मागे टाकायला तो धडपडतोय, ती माझ्या लिहिण्यातून कुणाला लागायला नको. त्याला पैसे पाठवायचं काम मात्र सगळं माझ्याकडे होतं. मी हिशेबाच्या कामातली, त्यामुळे पहिल्याच महिन्यात वही घातली. तारीख, रक्कम, वरचा आकार म्हणजे पाठवण्याचं शुल्क, आत जमा झाल्याची तारीख, असे चार रकाने. ६३ नोंदी आहेत. सुरुवातीला पोस्टाची मनिऑर्डर, मधे काही महिने फाटकाजवळची खिडकी आणि शेवटची अडीच वर्षं ॲप. परीक्षण ॲपचंच आहे, पण आधीच्या दोन मार्गांशी ताडून पाहिल्याशिवाय त्याचं बरंवाईट सांगता येत नाही.

एक प्रश्न मात्र आधी निकालात काढते, कारण नातेवाइकांनी तो मला फार विचारला. "आत सगळं सरकारच देतं ना, मग पैसे कशाला पाठवतेस?" सरकार देतं ते जगण्यापुरतं. साबणाची वडी संपली की पुढची मिळेपर्यंत थांबायचं. टूथपेस्ट, दाढीचं सामान, चपला, वही, पेन, टपालाची तिकिटं आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे फोनचा बॅलन्स, हे सगळं कॅन्टीनमधून स्वतःच्या खात्यावर घ्यायचं असतं. कामाची मजुरी मिळते, पण ती किती? अमेरिकेच्या केंद्रीय तुरुंगांत आतल्या कामांना तासाला १२ ते ४० सेंट मिळतात. इंग्लंड-वेल्समध्ये काम करणाऱ्या बंद्याला, म्हणजे कैद्याला, आठवड्याला किमान ४ पौंड, असा दर नियमात लिहिलेला आहे. हे आकडे मी मुद्दाम शोधले, कारण भाऊ सुरुवातीला म्हणायचा, "ताई, मला मजुरी मिळते की, तू पाठवू नकोस." मला ते खरंच वाटायचं. पुढे एका भेटीत त्याच्या पायांकडे लक्ष गेलं. चपलेचा पट्टा दोऱ्याने बांधलेला होता. वहीतली पहिली नोंद त्याच्या दुसऱ्या दिवशीची आहे.

मनिऑर्डर सावकाश जाते. माझ्या नोंदींप्रमाणे कमीत कमी सहा दिवस, जास्तीत जास्त एकोणीस. रांगेत उभं राहा, फॉर्म भरा, नाव आणि बंदी क्रमांक ठळक अक्षरांत लिहा, पावती जपा. पण त्या फॉर्मच्या खालच्या भागात निरोपासाठी बोटभर जागा होती. आई तिथे स्वतःच्या हाताने लिहायची. दोन ओळी, जेमतेम. "प्रकृती बरी आहे. पायाला तेल लावत जा." त्याला गुडघेदुखी होती. आत पोचल्यावर रक्कम खात्यावर चढायची आणि तो तुकडा त्याला मिळायचा. पैसे कुणी पाठवले, हे त्याला आईच्या अक्षरावरून कळायचं. ही गोष्ट मला तेव्हा किरकोळ वाटली होती. आता वाटत नाही.

खिडकीचं थोडक्यात सांगते. भेटीच्या दिवशी तिथे रोख भरता येते, आकार शून्य, जमाही त्याच दिवशी. पण त्यासाठी दिवसभराची रजा, जाण्यायेण्याचा खर्च, आणि तुमचा नंबर लागेपर्यंत खिडकी बंद होण्याची धास्ती. जवळ राहणाऱ्यांनी हाच मार्ग धरावा. मला महिन्यातून एकदाही जमेना.

मग ॲप आलं. तुरुंगाने ठरवलेली खासगी कंपनी, दुसरा पर्याय नाही. पहिल्यांदा वापरलं तेव्हा मला अक्षरशः हलकं वाटलं. रात्री अकरा वाजता घरी बसून पैसे पाठवले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी भावाचा फोन आला, "जमा झाले." मनिऑर्डरच्या त्या एकोणीस दिवसांनंतर हे फार मोठं सुख होतं. दोनपैकी एक तारा या वेगाचा आहे, आणि तो मी मनापासून देते. सगळं सुरळीत झालं तर हे ॲप खरंच चांगलं चालतं. दुसरा तारा बाकीच्या गोष्टींचा मिळून एक.

आकाराचं आधी बोलू. आकार रकमेच्या टक्केवारीने लागत नाही, टप्प्याने लागतो. पहिल्या टप्प्यात कितीही कमी पाठवा, आकार तेवढाच. माझ्या वहीत सगळ्यात लहान रकमेवर तो शेकडा १२ पडलाय आणि सगळ्यात मोठ्या रकमेवर शेकडा ३. म्हणजे ज्याच्याकडे थोडेच आहेत, त्याच्याकडूनच जास्त घेतले जातात. रांगेत माझ्या पुढे एक बाई असायच्या, घरकाम करणाऱ्या, मुलासाठी दर आठवड्याला जमतील तेवढे पाठवायच्या. वर्षाअखेर त्यांचा हिशेब मी मांडून दिला तेव्हा दीड महिन्याचे पैसे नुसते आकारात गेलेले निघाले. त्या काही बोलल्या नाहीत, कागद घडी करून पिशवीत ठेवला.

तुम्ही म्हणाल, मग महिन्याचे एकदम पाठवावेत. पाठवावेत, पण बेताने. बहुतेक तुरुंगांत खर्चाला मर्यादा असते. अमेरिकेच्या केंद्रीय तुरुंगांत कॅन्टीनची महिन्याची मर्यादा ३६० डॉलर होती. मर्यादेपलीकडचे पैसे नुसते पडून राहतात. आणि दुसरी गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही: खात्यावर जास्त शिल्लक आहे हे आत कळलं, की मागणारे मागे लागतात. भावाच्या शिलकीची चिठ्ठी एकदा दुसऱ्याच्या हाती पडली, आणि पुढच्याच आठवड्यात त्याने फोनवर मला एक वेगळाच बंदी क्रमांक सांगितला. "यावेळी या नंबरवर टाक." त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. मी कारण विचारलं नाही, टाकलेही नाहीत. थेट तुरुंगाच्या कल्याण अधिकाऱ्यांना भेटले. त्याची बराक बदलून मिळाली. तुमच्यावर अशी वेळ आली तर अनोळखी नंबरवर पैसे टाकू नका. एकदा टाकलेत की ती मागणी थांबत नाही, आणि दुसऱ्याच्या खात्यात पैसे टाकल्याचा ठपका आपल्याच माणसावर येऊ शकतो. त्या दिवसापासून मी महिन्यातून दोनदा, मध्यम रकमेची, अशी रीत ठेवली. आकार थोडा जास्त बसला, पण ते परवडलं.

आता ज्या गोष्टीमुळे मी हे लिहायला बसले, ती.

ॲप वापरायला लागल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर भावाला एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात हलवलं. हे मला त्याने फोनवर सांगितलं होतं. ॲपमध्ये त्याचं नाव जतन केलेलं होतं आणि त्याच्या शेजारी 'पुन्हा पाठवा' असं बटण. मी ते दाबलं. नावाखाली बारीक अक्षरांत जुन्याच तुरुंगाचं नाव होतं, ते मी वाचलं नाही. ही चूक माझी, वहीतही तशीच लिहिली आहे. पण पडद्यावर हिरवी खूण आली आणि शब्द आला: 'यशस्वी'. मी निश्चिंत झोपले.

तेवीस दिवस.

पहिला आठवडा मला काहीच शंका नव्हती. फोन आला नाही, तर वाटलं नव्या जागी फोनची पाळी लागत नसेल. दुसऱ्या आठवड्यात मी ॲप उघडून पाहिलं: 'यशस्वी'. ग्राहक सेवेला फोन लावला. "मॅडम, आमच्याकडे व्यवहार पूर्ण दिसतोय, तुम्ही तुरुंगात विचारा." तुरुंगात विचारलं. "आमच्याकडे या नावाने काही आलेलं नाही, कंपनीला विचारा." असे अकरा फोन. प्रत्येक फोनची तारीख वहीच्या मागच्या पानावर आहे. नवव्या फोनवर एका मुलीने, देव तिचं भलं करो, शांतपणे नोंद उघडून पाहिली आणि म्हणाली, "ताई, हे जुन्या ठिकाणी गेलेत. ते बंदी तिथे नाहीत म्हणून पैसे अडकून पडलेत."

दरम्यान विसाव्या दिवशी भावाचं पत्र आलं. त्याचा फोनचा बॅलन्स संपला होता, म्हणून पत्र. तिकीट कुणाकडून तरी उसनं घेतलेलं. पाठकोऱ्या कागदावर लिहिलं होतं: "ताई, या महिन्यात जमलं नसेल तर राहू दे, माझं चालतं. माझ्यावर रागावली असशील तर तेवढं मात्र कळव. आईला यातलं सांगू नकोस."

मी ते पत्र स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं आणि मग खाली बसले. माझ्या फोनवर तेव्हाही हिरवी खूण होती.

बाहेर पैसे अडकले तर आपण बँकेत जातो, भांडतो, चौकशी करतो. आत बसलेल्या माणसाला यातलं काही करता येत नाही. पैसे आले नाहीत, एवढंच त्याला दिसतं. वाटेत अडकले, नंबर चुकला की बहिणीने पाठवलेच नाहीत, हे कळायचा कुठलाच मार्ग त्याच्याकडे नसतो. मग रात्री पडल्या पडल्या तो त्यातल्या त्यात वाईट तेच धरतो. भावाने नंतर मला सांगितलं, की त्या तीन आठवड्यांत साबण नसल्याचं त्याला फारसं वाटलं नाही. ताईने सोडलं असेल का, हेच डोक्यात होतं.

पैसे चोविसाव्या दिवशी माझ्या खात्यात परत आले, आकार वजा करून. मी ते नव्याने, पत्ता तीनदा तपासून पाठवले, पुन्हा आकार भरून.

म्हणून माझी या कंपनीवर मुख्य तक्रार अशी, की 'यशस्वी' हा शब्द ते चुकीच्या जागी वापरतात. माझ्या खात्यातून पैसे गेले, ही एक गोष्ट. तुरुंगाच्या खात्यात पोचले, ही दुसरी. बंद्याच्या नावावर चढले आणि त्याला ते कळलं, ही तिसरी. यांचे तीन वेगळे निरोप यायला हवेत. ॲप पहिल्याच गोष्टीला हिरवी खूण देतं आणि गप्प बसतं.

हे होण्यासारखं नाही, असं मुळीच नाही. या प्रकरणानंतर मी दुसऱ्या देशांचे नियम वाचत गेले, आणि निदान दोन ठिकाणी अशा चुका टाळायची सोय आहे असं दिसलं. इंग्लंड-वेल्समध्ये सरकारचीच वेबसाइट आहे. डेबिट कार्डाने पैसे जातात, आकार काहीच नाही, आणि साधारण तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत खात्यावर चढतात. तिथे बंदी क्रमांकाबरोबर जन्मतारीखही लागते. दोन्ही जुळावे लागतात, त्यामुळे एखादा आकडा चुकून पैसे भलत्याच्या नावावर जायची धास्ती नाही. २ नोव्हेंबर २०२० पासून त्यांनी धनादेश, पोस्टल ऑर्डर, पाकिटातली रोकड हे सगळं जवळजवळ बंदच केलं. ज्यांच्याकडे कार्ड नाही, इंटरनेट जमत नाही, अशा म्हाताऱ्या आयांचं त्यामुळे काय झालं असेल, हा विचार मात्र माझ्या मनातून जात नाही.

अमेरिकेच्या केंद्रीय तुरुंगांची रीत वेगळी आहे. बंदी देशातल्या कुठल्याही केंद्रीय तुरुंगात असो, टपालाने पाठवायचे पैसे एकाच ठिकाणी जातात, आयोवा राज्यातल्या डि मॉइन शहरातल्या एका टपालपेटीवर. पाकिटावर बंद्याचं नाव आणि आठ आकडी नोंदणी क्रमांक. माणूस हलवला तरी पैशांचा पत्ता तोच राहतो. वेस्टर्न युनियन किंवा मनीग्रामने पाठवले तर दिवसाच्या ठरलेल्या वेळेत दोन ते चार तासांत चढतात. ही रचना वाचताना मला माझे तेवीस दिवस आठवत होते. पण त्याच नियमात असंही आहे, की पैशांच्या पाकिटात पत्र किंवा फोटो घालायचा नाही, तो पुढे जात नाही. आईच्या दोन ओळींना तिथेही जागा नाही.

पाठवलेले सगळे पैसे त्यालाच मिळतील असंही समजू नका. बऱ्याच ठिकाणी दंड किंवा पीडिताची भरपाई बाकी असेल, तर बाहेरून आलेल्या रकमेतूनही कापतात. कॅलिफोर्नियात तर भरपाईपोटी जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कापायची तरतूद कायद्यातच केलेली होती. भरपाई द्यायलाच हवी, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण किती कापणार हे पाठवण्याआधी पडद्यावर दिसलं पाहिजे. आमच्या ॲपमध्ये दिसत नसे. भावाला कॅन्टीनच्या खिडकीवर उभं राहिल्यावर कळायचं.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १७ डिसेंबर २०१५ ला बंद्यांना कसं वागवावं याचे सुधारित नियम मंजूर केले. ते मंडेला नियम म्हणून ओळखले जातात, एकूण १२२ आहेत. त्यातला ६७ वा मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतला होता. बंद्याचे पैसे आणि मौल्यवान वस्तू सुरक्षित ठेवायच्या, सुटताना त्याला परत करायच्या आणि बाहेरून त्याच्यासाठी आलेल्या पैशांनाही हाच नियम लागू. ग्राहक सेवेच्या अकराव्या फोनवर मी हा नियम वाचून दाखवला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, हे माझ्या स्क्रीनवर नाहीये." त्याचा दोष नव्हता.

सुटण्याच्या दिवसाचंही आधी विचारून ठेवा. खात्यावर उरलेली रक्कम रोख देणार, धनादेशाने की कार्डावर? कार्डावर देत असतील तर त्यावर कसले आकार आहेत ते लेखी घ्या. अमेरिकेत जेपे नावाची कंपनी सुटणाऱ्यांना असंच डेबिट कार्ड देत होती, आणि त्यावरच्या आकारांबद्दल तिथल्या ग्राहक वित्तीय संरक्षण विभागाने ऑक्टोबर २०२१ मध्ये तिला ग्राहकांसाठी ४० लाख डॉलर आणि वर २० लाख डॉलर दंड भरायला लावला. आम्हाला रोख मिळाली, कारण मी दोन महिने आधी अर्ज दिला होता. अर्ज दिला नसता तर कार्डच हातात पडलं असतं, असं तिथल्या कारकुनाने सांगितलं.

आईचं राहिलं. ॲप आल्यावर आईने पहिल्याच दिवशी विचारलं, "यात माझं नाव कुठे घालायचं?" तिच्या नावाने खातं उघडायचा प्रयत्न केला. ओळखपत्रावरचं नाव आणि बँकेच्या कार्डावरचं नाव यांत एका अक्षराचा फरक होता, ॲपने तीनदा नाकारलं. शेवटी ती तिच्या पैशांतले काही माझ्या हातात द्यायची आणि मी माझ्या नावाने पाठवायचे. आतल्या पावतीवर फक्त माझं नाव यायचं. निरोप लिहायला जागाच नव्हती. आई दरवेळी विचारायची, "माझे म्हणून सांगितलंस ना?" फोनवर मी सांगायचे, पण फोनची वेळ थोडी आणि इतर बोलणं फार, कधी राहूनही जायचं.

भाऊ सुटून आला तेव्हा त्याच्या पिशवीत दोन जुने सदरे होते, एक वही होती आणि औषधाच्या रिकाम्या खोक्यात मनिऑर्डरचे तुकडे. एकूण सतरा. सगळे आईच्या हातचे, कडा मऊ पडलेले. ॲपच्या काळातली एकही पावती त्याने ठेवली नव्हती. मी विचारलं तर म्हणाला, "त्यावर काय होतं ठेवण्यासारखं? आकडे."

आता कुणी विचारलं तर सांगते: पैसे लवकर पोचायला हवे असतील तर ॲप वापरा, पण माणूस हलवला असेल तर 'पुन्हा पाठवा' दाबू नका, नाव काढून नव्याने घाला. पाठवल्यावर हिरव्या खुणेवर विसंबू नका. पाठवल्याची तारीख आणि रक्कम त्याला पत्राने कळवा. पत्र पैशांच्या मागून पोचलं तरी चालेल, पण पोचू दे. आणि मनिऑर्डर अजून चालत असेल, तर वर्षातून दोन-चार वेळा तरी ती करा, घरातल्या ज्याचं अक्षर त्याला ओळखू येतं, त्याच्या हातून.

गेल्या महिन्यात रांगेतल्या त्या बाई भेटल्या. त्यांचा मुलगा अजून आत आहे. म्हणाल्या, आता पैसे मुलाच्या नावावर चढले की त्यांच्या फोनवर वेगळा निरोप येतो. मी त्यांचा फोन हातात घेऊन पाहिलं, खरंच येतो, तारखेसकट. तेव्हा माझे दोन तारे तीन धरा. निरोप लिहायची जागा पाहिली, ती अजून नाही.